बाबा रे किंवा बाई गं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी हसून टाळतो.

प्रश्न ठरलेला असतो. ‘डीमन नाइट्स’ला आधी एवढं झोडपलंत आणि आता भेटेल त्याला तीच मालिका वाचायला सांगता, मग तुमचं खरं मत कुठलं? काहींना खरंच कुतूहल असतं. काहींना मला खिंडीत गाठायचं असतं. दोघांनाही मी आजवर ‘वय झालं, मत बदललं’ असं सांगून वाटेला लावलं. ते खोटं आहे. वय झालं हे खरं, पण मत अर्धंच बदललंय. आणि जे बदललं ते मालिका पुन्हा वाचून बदललं नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यापुरतं सांगतो. ऑगस्ट 2011च्या अखेरीपासून महिन्याभरात डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशकाने 52 कॉमिक मालिका नव्याने क्रमांक एकपासून सुरू केल्या, त्यातली ही एक. लेखक पॉल कॉर्नेल, चित्रकार डिओजेनीस नेव्हेस. राजा आर्थरचं कॅमेलॉट कोसळल्यानंतर चार शतकांनी सात जण एका खेड्यात अडकतात आणि त्या खेड्यावर क्वेस्टिंग क्वीन ही राणी आणि मॉर्ड्रू हा जादूगार यांची फौज चालून येते. सात जणांत राक्षस एट्रिगन आणि त्याच्याशी जखडलेला जेसन ब्लड (हे दोघं मिळून एक), जादूगारीण मॅडम झॅनाडू, अमर व्हँडल सॅव्हेज, अरब यंत्रज्ञ अल जबर, अ‍ॅमेझॉन या लढवय्या बायकांपैकी एक्झोरिस्टॉस, घोड्यावरून न उतरणारी हॉर्सवुमन, आणि शायनिंग नाइट म्हणजे यिस्टिन. या शेवटच्या नावावर आपल्याला परत यायचंय.

आमचं आठ जणांचं वाचकमंडळ होतं. त्या 52पैकी सहा मालिका आम्ही वाटून घेतल्या होत्या. अंक ज्या दिवशी दुकानात येई त्याच दिवशी डिजिटलही मिळे, त्यामुळे ‘माझा अजून आला नाही’ ही सबब संपली होती. महिन्यातून एकदा भेटायचं, प्रत्येकाने एका कागदावर टिपण लिहून आणायचं आणि वाचून दाखवायचं. वाचताना मध्ये कुणी बोलायचं नाही. हसायला बंदी नव्हती. आता वाटतं, ती असायला हवी होती.

माझी तक्रार काय होती ते आधी सांगतो, कारण त्यातलं बरंचसं मी आजही मागे घेत नाही.

पहिलं प्रकरण सात अंकांचं. अंकामागे वीस पानं, म्हणजे एकशे चाळीस. सात महिने आम्ही त्याच खेड्याच्या त्याच तटबंदीवर उभे! एकत्र छापलेल्या पुस्तकात हा वेढा एका संध्याकाळी संपतो आणि छान वाटतो. पण मालिका महिन्यामहिन्याने विकायची आणि बांधायची मात्र पुस्तकाच्या मापाने, हा वाचकाशी केलेला दगाफटका आहे असं मी लिहिलं होतं. अजूनही असंच म्हणतो. ‘आता एकत्र वाचून बघ’ हे उत्तर मला पटत नाही. मी तेव्हा वाचलं, तेव्हा कंटाळलो. तो कंटाळा खरा होता.

दुसरी तक्रार जास्त पुस्तकी होती. मला ही मालिका सुपरहिरोंची वाटेना. सुपरहिरोंच्या चमूत प्रत्येकाची ताकद माहीत असते आणि त्या ताकदीची हद्दही. गंमत त्या हद्दीत असते. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याने करायचं, म्हणून तर चमू. जादूच्या जगात हद्द कुठे आखायची? झॅनाडूला काय येतं आणि काय येत नाही हे मला सातव्या अंकापर्यंत सांगता आलं नसतं. शिवाय सात अनोळखी माणसं एका खानावळीत भेटतात आणि मोहिमेवर निघतात, हा तर जादुई कथांचा सगळ्यात झिजलेला उंबरठा. मी लिहिलं होतं, ‘झगा काढून चिलखत घातलं, एवढंच नवं.’ मंडळी हसली होती. मला ती सवय लागली होती, हे कबूल करतो.

यातला पहिला अर्धा भाग आज मला चुकीचा वाटतो. अल जबरचंच बघा. नाव गणितातलं. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने ज्या ग्रंथात समीकरणं सोडवायची रीत मांडली, त्याच्या शीर्षकात ‘अल-जब्र’ आहे, आणि त्यावरूनच अल्जिब्रा हा शब्द आला. या माणसाला जादू येत नाही. त्याला यंत्रं येतात. जादूगार, राक्षस आणि अमर माणूस यांच्या मधोमध एक नुसता हुशार माणूस उभा करणं, ही हद्द आखायचीच युक्ती होती. मला ती दिसली नाही. मी झग्याचा विनोद जुळवत बसलो होतो.

बाकीच्यांच्या तऱ्हा वेगळ्या. एकाला एट्रिगन यमकातच बोलायला हवा होता आणि त्यावरून तो दर महिन्याला रागवायचा. जॅक कर्बीने 1972मध्ये हा राक्षस रचला तेव्हा यमकाचा असा दंडक नव्हता, तो 1980च्या दशकात पक्का झाला, हे त्याला तीनदा सांगून झालं. उपयोग शून्य. आणखी एकाला ‘आमचा सर जस्टिन’ परत हवा होता. 1941पासूनचा शायनिंग नाइट, पंख असलेला घोडा, साधासरळ शूर पुरुष. 2005मध्ये या नावाखाली पुरुषाच्या वेशातली मुलगी आली तेव्हाच त्याचं डोकं फिरलं होतं. आता कॉर्नेलचा यिस्टिन आला. यिस्टिन स्वतःला पुरुष म्हणवतो, आजूबाजूच्यांना ते पटत नाही, आणि पहिल्या सात अंकांत कथा त्यावर धड काही बोलत नाही, कधी चिमटा काढते इतकंच.

बघा, मीही आत्ता ‘आला’ आणि ‘म्हणवतो’ लिहून मोकळा झालो. मराठीत लिहायचं तर काहीतरी निवडावंच लागतं, असं मी समजत होतो.

मार्च 2012ची बैठक. सातवा अंक येऊन गेला होता. सात महिन्यांचा वैताग एका कागदावर उतरवायची संधी होती आणि मी ती सोडणार नव्हतो. टिपण चांगलं जमलं होतं, हे आजही नाइलाजाने म्हणतो. वेढ्याची थट्टा, खानावळीची थट्टा, मग एकेका पात्राला एकेक वाक्य. प्रत्येक वाक्याला हशा. यिस्टिनचं वाक्य मी शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यात चांगलं जमलंय असं मला वाटत होतं:

‘यिस्टिन, बाबा रे किंवा बाई गं, एकदाचं ठरव.’

सगळे खदखदून हसले. सर जस्टिनवाल्याने तर मांडीवर थाप मारली. मी कागद खाली ठेवला आणि पुढच्याकडे बघितलं.

पुढचा कागद ज्या व्यक्तीचा होता ती व्यक्ती मंडळात सगळ्यात कमी बोलणारी. (‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याला माझा इलाज नाही. त्यावरून काही ताडू नका.) ओळख पटेल असं मी काही लिहिणार नाही. माझ्या समोरच बसणं असायचं. कागद हातात उभा धरलेला होता आणि त्याच्या पाठीमागे खिडकी होती. उजेड कागदातून येत होता. त्यामुळे मला इकडून अक्षरं उलटी दिसत होती. निळी शाई, दाट ओळी, वरपासून खालपर्यंत. आमचा नियम एका बाजूला लिहायचा, पण त्या दिवशी दोन्ही बाजूंना लिहिलेलं होतं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या म्हणून एकही शब्द लागत नव्हता.

कागदाची घडी झाली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग शांतपणे ऐकू आलं, ‘या वेळी माझं काही नाही.’

मी म्हणालो, ‘अरे, एवढं लिहिलंय की!’

हे वाक्य मला त्या विनोदापेक्षा जास्त छळतं. विनोद निदान न कळता झाला होता. कागद भरलेला आहे हे तर मला दिसत होतं. म्हणजे मी चारचौघांत सांगितलं की तू खोटं बोलतोस. किंवा बोलतेस. बघा, कबुलीजबाबाचं वाक्यसुद्धा मला नीट पुरं करता येत नाही.

उत्तर आलं नाही. घडी केलेला कागद वहीत गेला. पुढच्याने आपलं टिपण वाचलं, त्यात यमकाची तक्रार होती. चहापाणी झालं, पांगलो. पुढच्या महिन्यात ती खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्या महिन्यातही. कुणीतरी म्हणालं, कामं असतील. मीही म्हणालो, कामं असतील.

इथे माझ्या जुन्या ‘मी’ला बाजू मांडू देतो. तो म्हणतो: मी एका कागदावरच्या पात्राची थट्टा केली, कुणा माणसाची नाही. शिवाय सुरुवात मी केली नाही, चिमटे तर लेखकानेच काढले होते. सात महिने ज्या प्रश्नाला कथा बगल देते, त्या प्रश्नावर वाचक वैतागला तर दोष वाचकाचा कसा? आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे मला कसं कळावं?

शेवटचा मुद्दा सोडला तर मला यातलं काहीच पूर्ण खोडता येत नाही. चिमटे मालिकेत होते. बगलही दिली होती. पण शेवटच्या मुद्द्यावर मात्र त्याला गप्प बसावं लागतं, कारण कळायची सोय होती. माझ्याच कपाटात होती.

नोव्हेंबर 2012मध्ये चौदावा अंक आला. तोवर मंडळ अर्धं झालं होतं, मी सवयीने वाचत होतो. त्यात यिस्टिन आणि एक्झोरिस्टॉस यांच्यातलं बोलणं आहे. यिस्टिन सांगून टाकतो की आपण नुसता पुरुष नाही आणि नुसती बाई नाही, दोन्ही आहोत. ढोल नाहीत, ताशे नाहीत. सहज, कुणी आपलं गाव सांगावं तसं. म्हणजे यिस्टिनचं ठरलेलं होतं. पहिल्या अंकापासून ठरलेलंच असणार. ठरायचं राहिलं होतं ते आमचं.

अंक बंद करून मी मंडळाची फाइल काढली. सगळ्यांची टिपणं माझ्याकडे जमा असायची. त्या व्यक्तीची सहा टिपणं होती, पहिल्या सहा अंकांची. ती मी पुन्हा वाचली आणि तिसऱ्या टिपणापाशी माझे हात गार पडले.

‘यिस्टिनने तलवार उपसली.’ ‘यिस्टिनने ग्रेलबद्दल सांगितलं.’ ‘यिस्टिनला झोप येत नाही.’ ‘यिस्टिनचं म्हणणं असं की.’ ‘यिस्टिन पुढे काय करेल?’

सहा टिपणांत एकदाही ‘यिस्टिन आला’ नाही. ‘यिस्टिन आली’ नाही. ‘म्हणाला’ नाही, ‘म्हणाली’ नाही. ‘तो’ नाही, ‘ती’ नाही. तुम्ही स्वतः लिहून बघा एकदा. कॉमिकची गोष्ट सांगताना ‘म्हणाला’ टाळणं म्हणजे तारेवरची कसरत. पण मराठीत फटी आहेत. ‘ने’ लावला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं: तलवार उपसली, घोडा सोडला, चिलखत काढलं. ‘ला’ लावला तरी कर्ता सुटतो. भविष्यकाळ तर लिंग विचारतच नाही. इतक्या बारीक फटींतून कुणीतरी सहा महिने, सहा पानं, एका पात्राला धक्का न लावता नेलं होतं. आणि स्वतःलाही. ‘मी वाचलं’, ‘मला वाटलं’, ‘माझ्या मनात आलं’. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ असं कुठेच नाही. आमच्या गप्पांतही कधी होतं का, हे मी आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो.

हे इथवरच असतं तरी चाललं असतं. पण चौथ्या टिपणात एक वाक्य होतं, ‘मग यिस्टिनचं आत येणं झालं.’ त्याच्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात माझं अक्षर: ‘हे कसलं मराठी? सरळ “आत आला” लिही की!’

ती रेघ मी मारली होती. मराठी सुधारून देत होतो. फाइलमधल्या सगळ्यांच्या कागदांवर माझ्या अशा रेघा आहेत, कुणी न सांगता मारलेल्या. त्या वाक्याइतकं विचारपूर्वक लिहिलेलं वाक्य अख्ख्या फाइलमध्ये दुसरं नसेल आणि मी ते बेंगरूळ म्हणून परत केलं होतं.

त्या व्यक्तीबद्दल मी काही अनुमान काढत नाही. ते केवळ यिस्टिनवरचं प्रेम असेल, भाषेची हौस असेल, किंवा आणखी काही. मला विचारायचा हक्क नाही आणि तुम्हीही मला विचारू नका.

मी पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. पहिला लांबलचक माफीचा होता आणि त्यात मीच नायक होतो. शेवटी तीन ओळी पाठवल्या: मार्चमधलं वाक्य वाईट होतं, त्यानंतरचं त्याहून वाईट, आणि लाल रेघ मी खोडतो. आठवड्याने उत्तर आलं, एका ओळीचं.

‘चौदावा अंक वाचला. सातव्यापेक्षा चांगला आहे.’

बस. माफ केलं असं नाही, नाही केलं असंही नाही. वाचकाचं मत आलं. मंडळाच्या नियमाप्रमाणे एका कागदावर, एका बाजूला. आणि त्यातही ‘वाचला’ हा शब्द अंकाला जुळलेला.

तर तुम्ही म्हणाल, आता कळलं. अपराधीपणापोटी मालिका डोक्यावर घेतली. माझा एक मित्र हे तोंडावर म्हणतो. ‘तुझं मत हे मत नाहीच, प्रायश्चित्त आहे.’ मी त्याच्याशी भांडतो, पण घरी आल्यावर मला त्याचं म्हणणं छळतं. चौदावा अंक चांगला वाटला तो चांगला आहे म्हणून, की मला चांगला वाटणं भाग होतं म्हणून? खरंच सांगता येत नाही. पुरावा म्हणून एवढंच देतो की सोळाव्या अंकापासून लेखक बदलला, रॉबर्ट व्हेंडिटी आला, व्हँपायरांची फौज आली, आणि ते मला आवडलं नाही. प्रायश्चित्त असतं तर तेही गोड मानून घेतलं असतं. पहिल्या सात अंकांचा संथपणाही माफ केला असता. तो मी केलेला नाही.

ऑगस्ट 2013मध्ये तेविसाव्या अंकावर मालिका संपली. तेव्हा काहींनी मला गमतीत ‘झालं तुझ्या मनासारखं’ म्हटलं. यावर मी जरा चिडतोच. दुकानदार अंकाची मागणी दोनेक महिने आधी नोंदवतात, आणि न खपलेले अंक सहसा परत करता येत नाहीत. पहिल्या अंकावर वाचकाचं मत तयार होईपर्यंत तिसऱ्याची मागणी नोंदवून झालेली असते. हा गाडा माझ्या एका टिपणाने थांबत नाही. मालिका मी बंद पाडली नाही.

वाचकांच्या मताला आकडा लागला असं एक उदाहरण मला पक्कं माहीत आहे. 1988मध्ये डीसीने बॅटमनचा साथीदार रॉबिन याने, म्हणजे जेसन टॉडने, जगावं की मरावं यावर फोनने मतं मागवली होती. मरावं म्हणणारे 5,343, जगावं म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी पोरगा मेला. मरावं म्हणून फोन फिरवणाऱ्या प्रत्येकाला ‘माझ्या एकट्यामुळे काही झालं नाही’ असं म्हणता येतं आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. आमच्या बैठकीत मी एकटा बोललो होतो. बाकीचे फक्त हसले. तिथे मला मागे लपायला 5,342 जण नव्हते.

मालिका वाचा असं मी लोकांना सांगतो ते यासाठी की सातपैकी दोन-तीन पात्रं खरोखर नवी आहेत, चौदावा अंक चांगला आहे आणि वेढा आता एकत्र वाचता येतो. कंटाळलात तर सांगा, वाद घालणार नाही. गोष्ट मला ऐकवायची असेल तर मात्र ‘ने’ लावून ऐकवून बघा. मी स्वतः अजून शिकतोय. या लेखात तीन ठिकाणी मला जमलं नाही. ती ठिकाणं मी तशीच ठेवली आहेत.

फाइल माझ्याकडेच आहे. लाल रेघ रबराने पुसायला गेलो तर कागद फाटायला लागला, म्हणून अर्धी राहिली आहे. सातव्या अंकाचं टिपण त्यात नाही.